मुंगीच्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. तुम्ही म्हणाल, पेटीला कसले आले आहे आयुष्य? ती एका जागी बसते आणि माणसे तिच्यासमोरून येतात-जातात, एवढेच. खरे आहे. मी उभ्या जन्मात दोनच जागा पाहिल्या. पहिली शाळेच्या प्रार्थनामंदिराच्या दारापाशी, आणि दुसरी ही अडगळीची खोली, जिच्यात मी आता पडून आहे. पण त्या पहिल्या जागी माझ्या पोटातून जे काही गेले, ते फार कमी जणांच्या पोटातून गेले असेल. मुले देवाला चिठ्ठ्या लिहीत आणि माझ्यात टाकत. आत पडलेली चिठ्ठी मला वाचता येई. कशी, ते विचारू नका. आपण वाचतो ते नेमके कसे, हे तुम्हाला तरी कुठे सांगता येते?

माझा जन्म उरल्यासुरल्यातून झाला. प्रार्थनामंदिराची बाके करून झाल्यावर सुतारकाकांकडे दीड फळी उरली. ती ते घरी नेणार होते. तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळी शाळा थोरल्या सिस्टर म्हणे. त्या म्हणाल्या, "तिची एक पेटी करून द्या. मुलांना देवाशी खूप बोलायचं असतं, पण चारचौघांत त्यांची जीभ रेटत नाही."

सुतारकाकांची धाकटी मुलगी तेव्हा पहिलीत होती. चिठ्ठी टाकायची फट तिच्या हाताच्या मापाने केली. चिठ्ठी सहज जावी पण हात आत जाऊ नये, म्हणून तिला तीन वेळा शाळेतून बोलावून आणले. चौथ्या वेळी वर्गातल्या बाईच चिडल्या. समोरच्या बाजूला काकांनी एक क्रूस कोरला, तो डावीकडे कलला. काका हिरमुसले. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या. मुलं तरी कुठे सरळ उभी राहतात?" मला रंधा मारून, पॉलिश करून, छोटेसे कुलूप लावून एका स्टुलावर बसवले आणि माझी नोकरी सुरू झाली.

शाळा पहिली ते आठवीची. तीन बाजूंना वर्ग, मध्ये मैदान, आणि चौथ्या बाजूला प्रार्थनामंदिर. त्याच्या मागे सिस्टरांचे घर. सकाळी घंटा झाली की मुले रांगेने माझ्यासमोरून जात. नव्याने कपडे शिवलेल्यांच्या बाह्या लांब असत आणि मोठ्या वर्गातल्यांच्या आखूड. पाचवीपासून मुलांना वाटू लागे की आपण मोठे झालो; ती चिठ्ठी टाकताना इकडेतिकडे बघत. पहिलीतली मुले मात्र टाकून झाल्यावर फटीला कान लावून उभी राहत. देव लगेच काही म्हणतो का, ते ऐकायला.

नियम एकच होता. चिठ्ठीवर नाव घालायचे नाही. नाव देवाला ठाऊक असते, असे थोरल्या सिस्टर सांगत. दर शुक्रवारी सकाळच्या प्रार्थनेत त्या माझे कुलूप उघडत, चिठ्ठ्या काढत आणि एकेक पुरी वाचून दाखवत. प्रत्येक चिठ्ठीनंतर सारी शाळा एका सुरात म्हणे, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." मग चिठ्ठ्या मंदिरामागे एका लोखंडी घमेल्यात जाळत. कुणाचे मन कुणाच्या हाती लागू नये, यासाठी ती व्यवस्था होती.

काय काय लिहीत मुले! "देवा, गणिताच्या सरांना सर्दी होऊ दे, पण थोडीच." "माझ्या भावाला शहाणा कर, नाहीतर दुसरा दे." एकीचे मांजर हरवले होते. तिने देवाला ओळखता यावे म्हणून त्याचा रंग, वाकडे शेपूट आणि फाटलेला डावा कान, सारे व्यवस्थित कळवले होते. दोनशे मुलांनी त्या मांजरासाठी प्रार्थना केली आणि मांजर सोमवारी परत आले. मी आठवडाभर अभिमानाने फुगले होते.

एकदा एका चिठ्ठीत होते, "देवा, माझा डबा दुपारपर्यंत पुरू दे." थोरल्या सिस्टरांनी ती वाचली, सगळ्यांबरोबर उत्तर दिले आणि पुढची चिठ्ठी उचलली. पण त्या आठवड्यापासून त्या मधल्या सुटीत वर्गावर्गातून फिरू लागल्या. कोणाचा डबा किती भरलेला आहे, हे त्या बोलत बोलत बघत. कोणाचे नाव विचारले नाही, कोणाला पुढे बोलावले नाही. महिन्याभरात सिस्टरांच्या घरातून एक मोठे पातेले शाळेत येऊ लागले आणि ज्याला हवे त्याने त्यातून घ्यावे, असे ठरले. मला वाटले, देवाने ऐकले. तसे वाटणे चूक नव्हते. पण आधी सिस्टरांनी ऐकले होते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले नाही.

अशी बारा-तेरा वर्षे गेली. शाळेचे नाव झाले. एका वर्गाच्या दोन तुकड्या झाल्या, दोनाच्या तीन. मैदानाच्या कडेला नवी इमारत उठली. मुले नऊशेवर गेली आणि माझे पोट मंगळवारीच भरू लागले. शुक्रवारची प्रार्थना संपता संपेना. पहिला तास बुडे, गणिताचे सर कपाळाला हात लावत, आणि पहिलीतली दोन-चार मुले उभ्या उभ्या घेरी येऊन खाली बसत. धर्मग्रामाचे, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चचे, फादर एकदा हसत म्हणाले, "सिस्टर, देवाला घाई नसते, पण मुलांचे पाय दुखतात."

तेव्हा धर्मशिक्षणाच्या बाई पुढे आल्या. या बाईंविषयी मला नीट सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्ही त्यांना वाईट समजाल. त्या सव्वीस वर्षे शाळेत होत्या. त्यांच्या पर्समध्ये सुईदोरा असे, आणि कोणाच्या शर्टाचे बटण लोंबताना दिसले की त्या त्याला तिथेच उभा करून टाके घालत. कोणी आजारी पडले तर शाळा सुटल्यावर वही घेऊन त्याच्या घरी जात. पाचवीला त्या भाषाही शिकवत. सगळ्या शाळेत त्यांच्याइतकी मायाळू बाई दुसरी नव्हती, आणि हे मी आजही म्हणते.

बाईंनी बिस्किटांचे चार रिकामे डबे आणले. एकावर लिहिले "आजारी", दुसऱ्यावर "अभ्यास", तिसऱ्यावर "घर" आणि चौथ्यावर "दिवंगत". दर गुरुवारी शाळा सुटली की त्या व्हरांड्यात माझ्याशेजारी बसत, चिठ्ठीची पहिली ओळ वाचत आणि ती त्या त्या डब्यात टाकत. शुक्रवारी थोरल्या सिस्टर एवढेच म्हणत, "आज आपल्याकडे आजाऱ्यांसाठी बहात्तर प्रार्थना आहेत." सारी शाळा उत्तर देई. मग अभ्यासासाठी, मग घरासाठी, मग गेलेल्यांसाठी. दहा मिनिटांत सगळे उरके. सर खूश झाले, फादर खूश झाले. मीही खूश झाले, खोटे कशाला बोलू? दर गुरुवारी पोट साफ होत होते.

पहिलीच ओळ का, असे तुम्ही विचाराल. तेच एकदा संगीताच्या बाईंनी विचारले होते. तेव्हा बाई म्हणाल्या, "पुढचं त्यांचं आणि देवाचं. आपण कशाला डोकवायचं?" त्या हे मनापासून म्हणाल्या. कमी वाचणे म्हणजे मुलांचा मान राखणे, असे त्यांना वाटे.

आता दुसरी गोष्ट ऐका. ही पहिलीला जाऊन मिळाली आणि घात झाला. बाई पाचवीच्या मुलांना माझ्यासमोर व्हरांड्यात बसवून प्रार्थना लिहायची रीत शिकवत. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून त्यांनी चार ओळींच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. त्या वाटताना त्या सांगत, "देवाकडे जाताना आपली झोळी पुढे करायची नाही. आधी दुसऱ्यांसाठी मागायचं. स्वतःचं सगळ्यात शेवटी, तेही जागा उरली तर." किती चांगली शिकवण होती, नाही का? मी स्वतः ती शेकडो वेळा ऐकली आणि प्रत्येक वेळी मला ती आवडली.

त्या वर्षी पाचवीत एक मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने लहान होती म्हणून नव्हे. तिचे अक्षर इतके बारीक होते की बाईंना तिची वही खिडकीपाशी नेऊन तपासावी लागे. मुंगीचे वडील बोटीवर काम करत आणि वर्षातून एकदा घरी येत. आई एका शिंप्याच्या दुकानात शाळांचे कपडे शिवे. घरी आजी होती, ती पडली आणि अंथरुणाला खिळली. आई सकाळी आजीचे सगळे करून दुकानात जाई आणि संध्याकाळी येऊन पुन्हा आजीचे करे. मुंगी शहाणी होती. आईच्या डोक्याला आणखी एक ताप नको, एवढे तिला न सांगता कळे.

पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी तिची पहिली चिठ्ठी माझ्यात पडली. चार ओळी, चारही मुंगीच्या पायांसारख्या. "देवा, आजीची कंबर बरी कर. बाबांची बोट सांभाळ. आईला थोडी झोप मिळू दे. मला फळ्यावरचं पुसट दिसतं, ते नीट कर."

गुरुवारी बाईंनी पहिली ओळ वाचली आणि चिठ्ठी "आजारी" डब्यात टाकली.

पुढच्या आठवड्यात पहिल्या तीन ओळी त्याच होत्या. चौथीत होते, "डोळ्यांपुढे धूर आल्यासारखं होतं." नंतर एकदा, "दिव्याभोवती गोल दिसतं." नंतर, "देवा, आज जिन्यावरून पडले. आईला सांगितलं की धावत होते. ते खोटं बोलले, माफ कर." सगळ्या चिठ्ठ्या त्याच डब्यात गेल्या आणि शनिवारपर्यंत त्यांची राख झाली.

मला सगळे ठाऊक होते. मला तोंड असते तर मी बाईंना ओरडून सांगितले असते, शेवटची ओळ वाचा. पण माझी फट आत घेण्यासाठी केलेली, बाहेर सांगण्यासाठी नव्हे. सुतारकाकांनी तीन वेळा माप घेतले, पण हे त्यांच्याही डोक्यात आले नाही. लाकडाला लाज वाटते का, ते मला माहीत नाही. मला वाटत होती.

एक खूण मात्र उघड्यावर होती. मुंगीचे अक्षर मोठे होऊ लागले. आधी तांदळाएवढे होते, ते हरभऱ्याएवढे झाले, मग त्याहून मोठे. ओळी वर-खाली जाऊ लागल्या. चौथी ओळ चिठ्ठीत मावेना, म्हणून ती काठाकाठाने उभी लिहू लागली. वहीतही तेच झाले. बाईंनी ती वही वर्गात सगळ्यांना दाखवली. बाईंनी स्वतःच गुरुवारी व्हरांड्यात संगीताच्या बाईंना सांगितले, म्हणून मला कळले. "आमच्या मुंगीचं अक्षर बघा, किती मोकळं झालंय. मी तिला म्हटलं, मुंगीची हत्तीण झालीस की गं. सगळा वर्ग हसला, तीही हसली. सोनेरी चांदणी चिकटवली मी वहीवर." हे सांगताना बाईंचा चेहरा खुलला होता, आणि मांडीवर तिचीच चिठ्ठी होती.

तुम्हाला वाटेल, मुंगीने कोणाला सांगितले का नाही? ती सांगतच होती. दर आठवड्याला सांगत होती. शुक्रवारी थोरल्या सिस्टर "आजाऱ्यांसाठी" म्हणाल्या की ती हात घट्ट जोडे आणि उत्तर सगळ्यांपेक्षा मोठ्याने देई. त्या आकड्यात आपणही आहोत, असे ती धरून चालली होती. नऊशे मुले आपल्या डोळ्यांसाठी प्रार्थना करताहेत, मग काळजी कसली? शेजारची मैत्रीण तिला फळ्यावरचे वाचून दाखवी, धडे ती ऐकून पाठ करी, आणि परीक्षेत तिला बरे गुणही मिळाले. डोळे लाल नव्हते, दुखत नव्हते. बाहेरून कोणाला काही दिसत नव्हते, आणि तिला आतून काही दिसत नव्हते.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला शुक्रवार आला. त्या दिवशी मंदिरात शाळेची मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची उपासना, होती आणि तिच्यात बायबलमधले पहिले वाचन करायला बाईंनी मुंगीला निवडले. अक्षर सुधारले त्याचे ते बक्षीस होते. आठवडाभर आधी बाईंनी तिला उतारा दिला होता. मैत्रिणीने तो तिला रोज मधल्या सुटीत वाचून दाखवला, आणि माझ्या स्टुलाला टेकून दोघी बसत म्हणून तो मलाही पाठ झाला.

मंदिराचे दार उघडे होते. मुंगी भिंतीला हात लावत पुढे गेली आणि वाचनपीठावर चढली. ती दिसावी म्हणून तिच्या पायाखाली पाट ठेवला होता. तिने मोठ्या पुस्तकाकडे मान खाली घातली आणि वाचायला सुरुवात केली. आवाज स्वच्छ, कुठे अडखळणे नाही. बाई मागच्या बाकावर बसून तिच्याबरोबर ओठ हलवत होत्या. मध्येच तिने पानाच्या तळाशी बोट नेले, जसे तिने इतरांना नेताना पाहिले असेल तसे.

माईक नीट करण्यासाठी थोरल्या सिस्टर तिच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांचे लक्ष सहज पुस्तकाकडे गेले. त्या सकाळी कोणीतरी खुणेची फीत चुकून भलत्याच पानात घातली होती. उघड्या पानावर दुसराच उतारा होता. मुंगी त्या पानावर बोट फिरवत पाठ केलेला उतारा अगदी बिनचूक म्हणत होती. सिस्टरांनी तिला शेवटपर्यंत म्हणू दिले. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी तिला खाली उतरवले आणि मिस्सा संपेपर्यंत आपल्याजवळ बसवले.

मुले वर्गात गेली. सिस्टर मुंगीला घेऊन माझ्यापाशी येऊन थांबल्या. बाईही कौतुक करायला आल्या, त्यांच्या हातात माझी किल्ली होती.

"छान म्हटलंस, बाळ. पाठ केलं होतंस?" सिस्टरांनी विचारले.

"हो, सिस्टर."

"पुस्तकात काय लिहिलं होतं?"

मुंगी म्हणाली, "पुस्तकातलं मला दिसत नाही."

"कधीपासून?"

"परीक्षेच्या आधीपासून."

"अगं, मग कुणाला सांगायचं नाही का?"

"सांगितलंय की," मुंगी म्हणाली. तिला नवलच वाटले. "दर आठवड्याला चिठ्ठीत सांगते. तुम्ही शुक्रवारी म्हणता ना."

त्या आठवड्याच्या चिठ्ठ्या अजून जाळल्या नव्हत्या. बाईंनी "आजारी" डबा तिथेच फरशीवर उपडा केला आणि गुडघ्यांवर बसून चिठ्ठ्या शोधू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रत्येक चिठ्ठी शेवटपर्यंत वाचत होत्या. किती तरी चिठ्ठ्यांवर त्यांचा हात थांबला, कारण शेवटच्या ओळी दुसऱ्या मुलांच्याही होत्या. मुंगीची सापडायला वेळ लागला नाही. तिच्याएवढे मोठे अक्षर त्यात कोणाचेच नव्हते.

आई दुकानातून तशीच धावत आली. तिच्या पदराला टाचण्या टोचलेल्या होत्या. तिने चिठ्ठी वाचली, पालथी केली, पुन्हा वाचली.

"बाई, तुम्ही हे वाचलं नव्हतं?"

"पहिली ओळ वाचली होती," बाई म्हणाल्या.

मला वाटले, आता ही तोंड सोडणार. सोडले असते तर बाईंना बरे वाटले असते. पण आई स्टुलाजवळ खाली बसली. "मी तरी काय वाचलं? रोज रात्री माझ्या सुईत दोरा हीच ओवून द्यायची. मध्ये एकदा म्हणाली, आई, आता तूच ओव. मला वाटलं, आळस चढलाय कार्टीला. रागावले मी तिच्यावर."

मुंगी आईच्या पाठीवरून हात फिरवत होती. "आजीजवळ कोण आहे?" तिने विचारले.

डॉक्टरांनी सांगितले की डोळ्यांच्या आत सूज होती. हा आजार लहान मुलांना होतो आणि तो मुकाट्याने होतो, म्हणूनच फार वाईट. डावा डोळा गेला होता. उजव्यासाठी इंजेक्शने, औषधे आणि एक शस्त्रक्रिया झाली, आणि त्यातली थोडी नजर वाचली. तीन-चार महिने आधी आणले असते तर दोन्ही डोळे राहिले असते, असे डॉक्टर म्हणाले. सिस्टरांनी ही बातमी बाईंना माझ्याच समोर सांगितली. बाईंनी पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. तो घडी करकरून त्यांनी अगदी एवढासा केला.

महिनाभराने मुंगी शाळेत आली. जाड चष्मा, आणि डाव्या काचेमागे पांढरी पट्टी. ती भिंतीला धरून माझ्यापर्यंत आली. बाई तिथेच उभ्या होत्या. तिच्यासाठीच उभ्या असाव्यात. काय बोलायचे ते त्यांनी ठरवून ठेवले असेल, पण मुंगीच आधी बोलली.

"बाई, मी स्वतःचं शेवटीच लिहिलं होतं."

"हो बाळा."

"दर वेळी. आधी आजीचं, बाबांचं, आईचं. मग माझं. मग चुकलं कुठे?"

मित्रांनो, मी आजवर हजारो प्रार्थना ऐकल्या, पण असा प्रश्न कधी ऐकला नाही. सव्वीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या बाई त्या लहान पोरीसमोर खाली बसल्या.

"तुझं काही चुकलं नाही. मी शेवटपर्यंत वाचलं नाही."

"म्हणजे देवालाही मिळालं नसेल?"

"देवाला मिळालं असेल," बाई म्हणाल्या. "पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुला आम्ही न्यायचं होतं."

मुंगीने मान हलवली. तिला पटले की नाही, ते मला सांगता येणार नाही. घंटा झाली आणि ती वर्गाकडे गेली. बाई कितीतरी वेळ तशाच बसून होत्या, आणि त्यांचा तास रिकामा गेला.

त्याच आठवड्यात थोरल्या सिस्टरांनी माझ्या फटीवर कागद चिकटवला. चारही डबे भंगारात गेले. बाईंनी धर्मशिक्षणाचा तास सोडला. माझ्या जागी दोन खुर्च्या आल्या. मधल्या सुटीत एका खुर्चीवर थोरल्या सिस्टर किंवा बाई बसतात आणि दुसरी रिकामी असते, ज्याला काही सांगायचे आहे त्याच्यासाठी. रांग लागते असे समजू नका. किती तरी दिवस ती खुर्ची रिकामीच राहते. चिठ्ठी लिहिणे सोपे होते, तोंडाने सांगणे अवघड असते, आणि जो बोलणार नाही त्याचे काय करायचे, हे अजून शाळेतल्या कोणालाच नीट सुचलेले नाही. पण बाई येऊन बसतात. घंटा होईपर्यंत उठत नाहीत.

मला इथे आणून ठेवले; दाराच्या फटीतून त्या दोन खुर्च्या तेवढ्या दिसतात. इथे मोडकी बाके आहेत, गायकवृंदाचे जुने झगे आहेत, एका पायाचा फळा आहे. माझे पॉलिश गेले, कुलूप गंजले, आणि माझ्या एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. कोणी माझी काळजी घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. शाळेच्या निबंधात माझ्यासारख्या पेट्यांनी शेवटी त्याच विनवण्या करायच्या असतात, हे मला माहीत आहे. पण माझ्या लाकडाचे काय होते, याने आता कोणाचे काही अडत नाही.

मागच्या महिन्यात मुंगीची आई ते झगे दुरुस्तीला न्यायला आली होती. बाई बरोबर होत्या. मुंगी आता आठवीत आहे. आजी गेली, वडील बोट सोडून घरी आले आहेत. बाईंनी विचारले, "घरी आता सगळं सांगते ना?"

आई झग्याची उसवलेली शिवण चाचपत होती. "सांगते. पण तिची रीत काही जात नाही, बाई. परवा शाळेतून आली. आधी मला विचारलं, पाठ दुखते का. मग बाबांना विचारलं, औषध घेतलं का. मग शेजारच्या काकूंची चौकशी. मी आपली भाजी चिरतेय. सगळं झाल्यावर, जाता जाता म्हणाली, चष्म्याची काच फुटलीय, चार दिवस झाले."

बाईंनी झग्यांचे गाठोडे उचलले आणि दोघी बाहेर गेल्या.

म्हणून माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे, मित्रांनो. तुम्हाला काही होत असेल, दिसत नसेल, दुखत असेल, भीती वाटत असेल, तर ते पहिल्या ओळीत सांगा. त्याने तुम्ही स्वार्थी होत नाही. आणि तुमच्या वर्गात, तुमच्या घरात अशी एखादी मुंगी नक्की असेल, जी आधी सगळ्यांचे विचारते. तिचे विचारून झाले की लगेच उठून जाऊ नका. थोडे थांबा. तिचे सांगायचे अजून राहिलेले असते.